चौदा वर्षं इन्स्पेक्टरच करतोय, आता नुसत्या आवाजाकडे वळू का?

पत्र : ताई, मी 41 वर्षांचा आहे. गेली 14 वर्षं टीव्हीवर छोटे रोल करतोय. इन्स्पेक्टर सगळ्यात जास्त, मग डॉक्टर, वकील, हिरोचा बॉस. लोक चेहरा ओळखतात, नाव कुणालाच माहीत नाही. आता दोन कामं एकदम समोर आलीत. एक डेली सोप आहे, हिरोईनचा काका, महिन्यातले पंधरा-वीस दिवस, पण काम म्हणजे हॉलमध्ये सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. दुसरं ऑडिओ ड्रामाचं, दहा भागांची सिरीज, त्यात दीपगृहाच्या सत्तर वर्षांच्या राखणदाराचा रोल, चांगला मोठा. पण त्या टेस्टला माझी वाट लागली होती. डिरेक्टर म्हणाला तू ओरडतोयस, आणि खिशातल्या किल्ल्या वाजत होत्या ते मला कळलंच नाही. तरी त्यांनी मलाच घेतलंय. मेव्हणा म्हणतो चेहरा दिसायचा बंद झाला की माणूस संपला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, परवा एपिसोड बघताना म्हणाली, बाबा तू यात कुठे आहेस? हिरो होता आलं नाही म्हणून कॅरेक्टर आर्टिस्ट झालो आणि आता तेही जमेना म्हणून नुसता आवाज, अशी माझी उतरण तर सुरू नाही ना? – इन्स्पेक्टर

अरे इन्स्पेक्टर,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. ऑडिओचं काम घे. सोपला लगेच नाही म्हणू नकोस, पण तारखा मागताना ऑडिओच्या तारखा आधी बाजूला काढून ठेव आणि मग उरलेल्या त्यांना दे. ते कसं करायचं तेही पुढे लिहिते.

पण त्याआधी तुझं ते शेवटचं वाक्य. हिरो, मग कॅरेक्टर आर्टिस्ट, मग आवाज, असा एक जिना तू मनात बांधून ठेवलायस आणि त्यावरून आपण खाली चाललोय असं तुला वाटतंय. हा जिना कुठेच नाहीये रे. हे तीन वेगळे धंदे आहेत. मी तीस वर्षांहून जास्त काळ यातले दोन केलेत, आधी श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, आणि मग टीव्ही, आणि हिरोईन व्हायला मी कधी गेलेच नाही, कारण मला विसाव्या वर्षापासून म्हाताऱ्या बायका करायला आवडायचं. हिरोच्या वाट्याला गोष्ट येते आणि त्या गोष्टीभोवतीचं जग खरं वाटायला लावायचं काम आपल्याकडे असतं. बँकेतला माणूस बँकेतला वाटला नाही तर हिरोने घेतलेलं कर्जही खोटं वाटतं, इतकं सरळ आहे ते.

वॉल्टर ब्रेनन नावाचा अमेरिकन नट होता. सहाय्यक अभिनेत्याचा ऑस्कर 1936 च्या सिनेमांपासून सुरू झाला आणि तो पहिलाच त्याला मिळाला, मग 1938 आणि 1940 च्या सिनेमांसाठी आणखी दोन. एका अपघातात त्याचे बरेचसे दात गेले होते, कवळी काढून ठेवली की तिशी-चाळिशीतच तो खराखुरा म्हातारा दिसायचा आणि बोलायचाही तसाच. दुसऱ्या कुणी दात गेले म्हणून करिअर गेलं असं म्हटलं असतं, याला त्यातूनच कामं मिळत गेली. 1957 साली वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्याला टीव्हीवर एका आजोबांचा रोल मिळाला आणि ती सिरीज 1963 पर्यंत चालली. किंवा मार्गो मार्टिन्डेल घे, आयुष्यभर शेजारीण, आई, नर्स असले रोल केले आणि एमी हा अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार पहिल्यांदा मिळाला 2011 मध्ये, तेव्हा ती साठ वर्षांची होती. मी तुला बक्षिसांची लालूच दाखवत नाहीये, मला एवढंच दाखवायचंय की कॅरेक्टर आर्टिस्टचं घड्याळ वेगळं चालतं. 41 म्हणजे आपल्याकडे कुठे उशीर, उलट आत्ता कुठे चेहऱ्यावर आणि आवाजात काहीतरी साठायला लागतं.

आता एक कडू लागेल असं विचारते. 14 वर्षांत तू किती इन्स्पेक्टर केलेस? म्हणजे रोल किती मिळाले ते नाही विचारत मी, माणसं किती केलीस? कारण स्क्रिप्टमध्ये 'इन्स्पेक्टर' एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण दमलेलो असतो, सकाळच्या कॉल टाइमला जाऊन संध्याकाळी सीन लागतो, मग आपण कपाटातून तोच एक इन्स्पेक्टर काढतो आणि घालतो. मीपण केलंय हे, सलग तीन-चार वर्षं एकच सासू फिरवली मी वेगवेगळ्या साड्यांत. तेव्हा एका शूटला एक वयस्कर नट आले होते, बँकेतल्या क्लार्कचा रोल, वाक्य एकच, "साहेब आज आले नाहीत." बस. त्यांनी काय केलं, हिरो प्रश्न विचारतो तेव्हा ते लिहीत होते, त्यांनी लिहिणं थांबवलं, पेनला टोपण लावलं, टोपण नीट बसलंय का ते अंगठ्याने दाबून बघितलं, आणि मग वर बघून वाक्य बोलले. मला क्षणात कळलं की हा माणूस तीस वर्षं त्याच टेबलावर बसतोय, याला कसलीही घाई नाही आणि साहेब का आले नाहीत ते याला पक्कं माहितीये पण तो सांगणार नाही. मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा सीन एकत्र घेतात त्या शॉटमध्ये, त्यांनी टोपण "साहेब"च्या आधी लावलं होतं, मग क्लोज-अपला, हिरोच्या खांद्यावरून घेतलेल्या शॉटला, प्रत्येक टेकला अगदी तिथेच लावलं, त्यामुळे एडिटरला कुठेही कापता येत होतं आणि शेवटी एपिसोडमध्ये ते अख्खं राहिलं. मी घरी जाऊन माझ्या सासूचा विचार करायला बसले.

हे एवढं लांबवून सांगितलं कारण ऑडिओमध्ये तुला नेमकं हेच लागणार आहे, फक्त पेन दिसणार नाहीये. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली ती जागा मात्र ऐकू येते. टोपणाचा आवाज नंतर फोलीवाले, म्हणजे असे बारीकसारीक आवाज तयार करणारे, घालतील पण घाई नसलेला माणूस तुलाच करायचाय.

ऑडिओ म्हणजे टीव्हीतून चेहरा वजा केलेलं काहीतरी, असं तुझ्या मेव्हण्याला वाटतंय, तो या लाइनमधला नाही म्हणून मी त्याच्यावर रागावत नाही. जानेवारी 1924 मध्ये बीबीसीने खास रेडिओसाठी लिहिलेलं नाटक केलं तेव्हा लेखकाने गोष्ट कुठे ठेवली माहितीये? कोळशाच्या खाणीत, दिवे जातात आणि माणसं अंधारात अडकतात. म्हणजे ऐकणाऱ्याला जे दिसत नाही ते पात्रांनाही दिसत नाही, दोघं एकाच अंधारात. शंभर वर्षांपूर्वी त्या लोकांना कळलं होतं की न दिसणं हीच या माध्यमाची ताकद आहे.

आणि तुझा स्वतःचा फायदा बघ ना. टीव्हीवर तुला सत्तर वर्षांचा राखणदार कोण देणार होतं? तुझी उंची, खांदे, मिशी, ते सगळं बघून कास्टिंगवाले तुला वर्दीच देणार. माइकला तुझे खांदे दिसत नाहीत. बीबीसीवर द आर्चर्स नावाची रेडिओ मालिका आहे, एका शेतकरी कुटुंबाची, 1950 मध्ये तिचे ट्रायलचे भाग झाले आणि 1951 पासून ती अजून चालू आहे. जून स्पेन्सर या बाई अगदी त्या ट्रायलपासून तिच्यात होत्या, पेगी नावाचं पात्र करायच्या, मधली काही वर्षं सोडली तर त्यांनी ते 2022 पर्यंत केलं आणि निवृत्त झाल्या तेव्हा त्या 103 वर्षांच्या होत्या! त्याच मालिकेत नॉर्मन पेंटिंग यांनी फिल हे पात्र 1950 पासून 2009 मध्ये वारले तोपर्यंत केलं. कुठला कॅमेरा एखाद्या नटाला असं आयुष्य देतो सांग.

चेहरा गेला की माणूस विसरला जातो, याच्या बरोब्बर उलटही घडलंय. डॉक्टर हू ही ब्रिटिश सिरीज, काळातून प्रवास करणारा डॉक्टर आणि दर काही वर्षांनी तो रोल करणारा नट बदलतो. पॉल मॅकगॅनने तो 1996 मध्ये एका टीव्ही फिल्ममध्ये एकदाच केला, त्यातून पुढे सिरीज व्हायची होती ती झालीच नाही. टीव्हीच्या हिशोबाने विषय संपला होता. पण 2001 पासून त्याने तोच डॉक्टर ऑडिओ नाटकांमध्ये करायला घेतला, वर्षानुवर्षं करत राहिला, आणि 2013 मध्ये त्याला त्याच रोलसाठी परत कॅमेऱ्यासमोर बोलावलं. मला त्याहून आवडतो तो जेफ्री बीव्हर्सचा किस्सा. तो खरा आपल्या जातीचा, कॅरेक्टर ॲक्टर. 1981 मध्ये त्याच सिरीजमध्ये त्याने व्हिलनचा रोल केला, एकाच कथेत, आणि चेहरा पूर्ण मेकअपखाली झाकलेला, म्हणजे दिसला असा नाहीच, ऐकू आला तो मऊ, गोड आणि भीती वाटणारा आवाज. वीस वर्षांनी ऑडिओवाल्यांनी त्याच आवाजासाठी त्याला शोधून काढलं आणि मग त्याने तो व्हिलन परत परत केला.

बरं, आता ती टेस्ट. तू ओरडत होतास त्याचं कारण मी न बघता सांगू शकते, तू सेटवर वाढलायस. सेटवर पंखे, जनरेटर, मागे कुणीतरी फोनवर, आपण नकळत जोर लावून बोलायला लागतो. माइक म्हणजे समोरच्या माणसाचा कान आहे आणि तो तुझ्या तोंडापासून एका वितीवर आहे, एवढं डोक्यात पक्कं झालं की अर्धं काम झालं. तोंड अगदी माइकच्या समोर नको, जरासं बाजूने बोल, कारण प, फ, ब, भ ला हवेचा झोत जातो आणि ठप्प असा आवाज येतो. तोंडासमोर तळहात धरून "फक्त" आणि "भिंत" म्हणून बघ, हाताला जे लागतं ते माइकला लागतं. ओरडायचा सीन असेल तर एक पाऊल मागे हो, चेहरा किंचित वळव, आणि घशाचा जोर निम्म्यावर आणून मनातला जोर तेवढाच ठेव. पण लांबून बोलतोयस असं दाखवायचं असेल तर हळू बोलून भागत नाही, खरंच मागे जाऊन हाक मारावी लागते, नाहीतर ते कुजबुजल्यासारखं वाटतं. पानं उलटताना घासायची नाहीत, उचलून बाजूला ठेवायची, आणि वाक्य पानाच्या शेवटी तुटत असेल तर पुढचे चार शब्द हाताने खाली लिहून घ्यायचे. सुती कपडे घाल. घड्याळ, किल्ल्या, सुट्टे पैसे सगळं बाहेर. रिकाम्या पोटी जाऊ नकोस, पोटाचा आवाज माइक फार छान पकडतो. आणि टेक संपला की लगेच हलू नकोस, दोन-तीन सेकंद तसाच उभा राहा, ती शांतता एडिटरला लागते.

माझी पहिली श्रुतिका मी कधी विसरणार नाही. मुलगा गेल्याची बातमी येते आणि आई रडते असा सीन होता. मी खरी रडले रे, डोळ्यांतून पाणी, मान खाली, खांदे हलतायत, मला वाटलं काय काम केलंय मी आज. काचेपलीकडून निर्माते टॉकबॅकवर, म्हणजे स्टुडिओत ऐकू येणाऱ्या त्यांच्या माइकवर, म्हणाले, "बाई, तुमचं रडणं मला दिसतंय, ऐकू येत नाहीये." मी गप्पच झाले. मग त्यांनी आत येऊन फक्त एवढंच सांगितलं की रडू आवरायचा प्रयत्न करा, वाक्य पूर्ण करायचा प्रयत्न करा. दुसऱ्या टेकला मी वाक्य पूर्ण करायला गेले आणि मधे श्वास अडकला, शब्द अर्धा तुटला, परत उचलला, परत तुटला. डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं तेव्हा. तोच टेक ठेवला. त्या दिवशी मला कळलं की या कामात श्वास म्हणजे चेहरा आहे. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, काहीतरी दिसून दचकणं, सगळं आधी श्वासात यावं लागतं. हसलास तर हसू ऐकू येतं, ओठ ताणले की स्वर बदलतो, म्हणून माइकसमोर पुतळ्यासारखा उभा राहू नकोस, हात हलू देत, फक्त कुठे आपटू नकोस.

तुझा राखणदार सत्तरचा आहे म्हणून आवाज थरथरवू नकोस, कृपा करून. नवीन माणूस पहिली चूक हीच करतो, चिरका, कापरा म्हातारा, आणि दहा भाग तो कुणाला ऐकवत नाही. म्हातारपण वेगात असतं, श्वासात असतं. पंचेचाळिशीतला माणूस जे वाक्य एका श्वासात बोलतो ते हा दोन श्वासांत बोलेल. उठायच्या आधी एक छोटा हुंकार येईल. शब्द आठवायला अर्धा सेकंद थांबेल, पण जुन्या वादळाची तारीख विचारलीस तर झटकन सांगेल. आणि तो दीपगृहात राहतो, म्हणजे दिवसेंदिवस कुणाशी बोलत नसणार, तेव्हा प्रत्येक भागातलं त्याचं पहिलं वाक्य जरा गंजलेलं असू दे, घसा वापरात नसल्यासारखं, मग हळूहळू मोकळं होऊ दे. आयुष्यभर लाटांच्या आवाजावरून बोललाय, धुक्याचा भोंगा ऐकत आलाय, कदाचित कानाने कमी असेल. मग तो थोडा मोठ्यानेच बोलत असणार की! डिरेक्टरला विचारून बघ. टेस्टला तुझं ओरडणं ऐकूनही त्यांनी तुलाच घेतलं, त्याचं कारण कदाचित यातच असेल. स्क्रिप्ट हातात आली की पेन्सिलने श्वासाच्या जागा खुणा करून ठेव आणि रोज एक भाग मोबाइलवर रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐक. पहिले चार दिवस स्वतःचा आवाज नकोसा होईल, तो होतोच, पाचव्या दिवसापासून कामाचं ऐकू यायला लागेल.

सोपचं आता. हॉलमध्ये मागे उभं राहण्याला मी कमी लेखत नाही, त्या पंधरा दिवसांवर घर चालतं आणि ते महत्त्वाचं आहे, तुझ्या पत्रात तू पैशांबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस पण मला ते ओळींच्या मधे दिसलं. फायदा असा आहे की ऑडिओचं रेकॉर्डिंग सेटसारखं महिनोन्‌महिने ताटकळवत नाही, स्टुडिओत सलग काही दिवस ठेवले की बरेच भाग उरकतात, आणि एका पात्राचे सीन एकत्र काढता येतात. म्हणून प्रॉडक्शनला सह्या करायच्या आधी सांग, अमुक आठवड्यातले हे दिवस मी आधीच दिलेत, बाकी तुमचे. शूट सुरू झाल्यावर सांगितलंस तर भांडण होतं, आधी सांगितलंस तर काका त्या आठवड्यात गावाला जातो, एवढंच. आणि काकालाही एक टोपण शोधून दे बाबा. सगळे हिरोईनकडे बघत असताना हा घरातल्या कुणा एकाकडेच का बघतो ते ठरव, कुणाला न सांगता. लेखकांना अशा गोष्टी दिसतात, मी स्वतः एका मालिकेत चौथ्या रांगेतून पहिल्या रांगेत आलेय ती अशीच.

ऑडिओच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मात्र तीन गोष्टी वाचल्याशिवाय सही नको. पैसे एकदाच मिळणार की पुन्हा वापरलं तर पुन्हा, रेकॉर्डिंग किती वर्षं आणि कुठे कुठे वापरणार, आणि तिसरी सगळ्यात नवीन, तुझ्या आवाजावरून कम्प्युटरने दुसरा आवाज तयार करायची परवानगी त्यात कुठे गुपचूप लिहिलीये का. 2023 मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या युनियनने जुलै ते नोव्हेंबर संप केला त्यात हा एक मोठा मुद्दा होता, आणि नंतर व्हिडिओ गेममध्ये आवाज देणारे 2024 मध्ये परत याच कारणासाठी संपावर गेले. "सध्याच्या आणि भविष्यातील सर्व तंत्रज्ञानासाठी" असलं वाक्य दिसलं की थांब, "फक्त या सिरीजपुरतं" असं लिहून माग. हे मागताना संकोच करू नकोस, आवाज एवढंच तर आहे तिथे तुझ्याकडे.

लेकीला पहिला भाग ऐकवताना तो तूच आहेस हे आधी सांगू नकोस. नऊ वर्षांच्या मुलांना गोष्ट ऐकता येते, ती ऐकू दे तिला. ओळखलं तर ओळखलं, नाही ओळखलं तर तिला सत्तर वर्षांचा माणूस ऐकू आलाय, आणि मग सांग. तिने काय म्हटलं ते मला नक्की लिही, मी खरंच वाट बघेन.

आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी किल्ल्या बाहेर टेबलावर.

– ताई